सीझनच्या मध्यात कोचला नारळ?

मोहननगर_१०: सहा मॅच, पाच हार, एक ड्रॉ. आपल्या फुटबॉल क्लबने कोचला आजच नारळ द्यावा.

लेफ्टबॅक_कामठी: हे वाचून राहवलं नाही. इंग्लंडच्या लीड्सने २०२२-२३ मध्ये कोच मार्शला काढलं, ग्रासियाला आणलं, मग शेवटच्या चार मॅचसाठी अ‍ॅलर्डाइसला. एका सीझनमध्ये तीन कोच, तरी खालच्या लीगमध्येच गेले. मँचेस्टर युनायटेडने ऑक्टोबर २०२४ मध्ये टेन हागला काढलं तेव्हा टीम १४व्या नंबरवर होती. नव्या कोचने, आमोरिमने बॅक थ्री (मागे तीनच डिफेंडर) लावली, त्यात कडेने वर-खाली धावणारे विंगबॅक लागतात, ते टीममध्ये नव्हते, आणि सीझन १५व्या नंबरवर संपला. कोच बदलतो, पाय तेच राहतात. आपल्याकडे आठवड्याला तीन प्रॅक्टिस. त्यातली एक मॅचच्या आदल्या दिवशी, म्हणजे हलकीच. नवा माणूस शिकवणार कधी?

ऑफसाइड_धरमपेठ: आणि चेल्सी काहून विसरता भाऊ? जानेवारी २०२१ मध्ये लॅम्पार्ड गेला, टुखेल आला. त्यानेही बॅक थ्रीच लावली आणि मे महिन्यात मँचेस्टर सिटीला १-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. २०१२ मध्ये डी मातेओनेही मधेच येऊन तेच केलं.

लेफ्टबॅक_कामठी: चेल्सीकडे कान्ते आणि थिआगो सिल्वासारखे मोठे खेळाडू होते. आपली तुलना एव्हर्टनशी करा.

ऑफसाइड_धरमपेठ: करतो ना! फेब्रुवारी २०२३, त्यांच्या नव्या कोचची, डायचची पहिलीच मॅच, समोर टेबलवर पहिला असलेला आर्सेनल. मॅकनीलचा कॉर्नर, टार्कोव्स्कीचं हेडर, १-०. शेवटी १७वे आले, पण खालच्या लीगमध्ये जाण्यापासून वाचले.

सेकंडबॉल: कॉर्नरचं निघालंच आहे तर मूळ दुखणं तिथेच आहे. आपण सगळे झोनल उभे राहतो, म्हणजे माणूस न धरता आपापली जागा धरून. समोरचा सात-आठ पावलं धावत येऊन उडी मारतो, आपला जागच्या जागी उडतो. उंची सारखी असली तरी हेडर त्याचंच. पाच जण गोलसमोरच्या सिक्स यार्डच्या रेषेवर ठेवा, त्यातला सगळ्यात चांगला हेडर नीअर पोस्टसमोर (कॉर्नरच्या जवळचा खांब), कारण इनस्विंगर, म्हणजे गोलकडे वळणारा कॉर्नर, आधी तिथेच पडतो. तिघांनी त्यांच्या धावणाऱ्यांची वाट अडवायची, बॉलकडे पाहायचंही नाही. एक बॉक्सच्या कडेला, एक पुढे. दर प्रॅक्टिसला वीस मिनिटं पुरतात, त्यासाठी नवा कोच लागत नाही.

मोहननगर_१०: आणि पोस्टवर कोणीच नाही? गोल ७.३२ मीटर रुंद आहे बे! कीपर एकटा काय काय धरणार?

सेकंडबॉल: कॉर्नरवरून थेट ऑफसाइड नसतो, पण बॉल क्लिअर झाल्यावर पुढच्या पासला असतो. पोस्टवरचा आपला माणूस गोलरेषेवर रेंगाळला की त्याच्यामुळे समोरचे सगळे ऑनसाइड. गेल्या मॅचचा दुसरा गोल पाहा: बॉल बॉक्सबाहेर गेला, आपली डिफेन्सची लाइन वर सरकली, आपला राइटबॅक पोस्टला हात लावून तसाच उभा.

ऑफसाइड_धरमपेठ: मग त्याला वर यायला ओरडायचं काम कीपरचं. तेही सहा मॅचमध्ये शिकवलं नसेल, तर दोष कोचचाच ना?

लेफ्टबॅक_कामठी: हे मान्य. कॉर्नरचा दोष कोचचा. पण फॉर्मेशन बदलणारा नवा माणूस आत्ता नकोच. दोन मॅच द्या आणि सेट पीस (कॉर्नर, फ्री किक) असिस्टंटकडे सोपवा.

मोहननगर_१०: दोनच. तिसरी नाही. आणि नीअर पोस्टवर माणूस पाहिजे म्हणजे पाहिजेच.

सेकंडबॉल: नीअरवर ठेवा, तर मग अडवणारे दोनच उरतात. कॉर्नरला पुढे येणारा त्यांचा सेंटरबॅक कोण धरणार, ते आधी सांगा.