मदत हवी आहे: पेप्सिन थांबवायचे, पण गुठळी न बिघडवता

साय काढलेल्या दुधाचे जठरातील पचन प्रयोगशाळेत तपासताना मी एका टप्प्यावर अडकलो आहे. पद्धत इन्फोजेस्टची (प्रयोगशाळेत पचनाची नक्कल करण्याची आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धत), त्यातही स्थिर प्रारूपाची, म्हणजे पीएच आणि विकराचे प्रमाण टप्पाभर कायम ठेवणारी आहे: ३७ अंश सेल्सिअस, पीएच ३, दर मिलिलिटरला २००० एकक पेप्सिन (जठरातील प्रथिने पचवणारे विकर, म्हणजे एन्झाइम) आणि कालावधी २ तास. पेप्सिनची क्रियाशीलता हिमोग्लोबिन वापरून मी स्वतः मोजली आहे, प्रत्येक वेळेसाठी वेगळी नळी ठेवतो आणि विकराविना नियंत्रण नमुनाही असतो.

अडचण अभिक्रिया थांबवताना येते. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ केला की पेप्सिन निष्क्रिय होते खरे, परंतु जी केसीनची (दुधातील मुख्य प्रथिनाची) घट्ट, दह्यासारखी गुठळी मला सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची आणि वजनासाठी गाळून घ्यायची असते, तीच कडेने फुगून सैल होते आणि पाणी दुधाळ दिसू लागते. नळ्या बर्फात ठेवून पाहिल्या. त्याने पचन मंदावते, पूर्ण थांबत नाही, आणि गाळण्यात बराच वेळ जातो. उष्णतेने गुठळीची रचनाच बदलेल, म्हणून तो मार्ग मी टाळला. द्रव नायट्रोजन उपलब्ध नाही.

आता पेप्स्टॅटिन ए (पेप्सिनला रोखणारा पदार्थ) वापरण्याचा विचार आहे, मात्र ते पाण्यात फारसे विरघळत नसल्याने मिथेनॉलमध्ये विरघळवावे लागेल. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांना विचारतो: गुठळीच्या आतपर्यंत पोहोचून पेप्सिन थांबावे यासाठी पेप्सिनच्या तुलनेत ते किती प्रमाणात घ्यावे, आणि मिथेनॉलचा अंश किती ठेवला तर गुठळीच्या रचनेला धक्का लागत नाही?