२०१० ची स्विफ्ट डिझेल, १.८५ लाख किमी: ३ लाख किमीपर्यंत न्यायची आहे, आधी खर्च कुठे करू?

सातारा_पुणे
१.३ डीडीआयएस डिझेल इंजिन. आरसी ५ वर्षांसाठी वाढवून घेतली आहे, पर्यावरण करही भरला, त्यामुळे विकायचा प्रश्न नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला खळखळ आवाज येतो आणि लगेच थांबतो. ॲव्हरेज घटलंय. गॅरेजवाले इंजिन उतरवू म्हणतात. काय करावं?

बारा_चौदा_पाना
उतरवू देऊ नका. या इंजिनाला टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅम हे शाफ्ट एका तालात फिरवणारा पट्टा) नाही, त्याजागी चेन आहे आणि तिचा टेन्शनर, म्हणजे तिला ताणून धरणारा भाग, ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल खाली उतरतं, दाब तयार होईपर्यंत दोन-तीन सेकंद चेन वाजते. आधी ऑइल आणि फिल्टर बदला: ५डब्ल्यू-३० सिंथेटिक, साधारण ३ लिटर. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे थेंबही नको, जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) टर्बोकडे ओढलं जातं. पुढे दर ७,५०० किमीला बदला.

गरम झाल्यावरही खळखळ राहिली किंवा स्कॅनरवर पी००१६ (क्रँक-कॅमचा ताळमेळ चुकल्याचा कोड) दिसला, तर मात्र गाडी टोचन करून न्या. चेन दात सोडून सरकली की व्हॉल्व पिस्टनवर आपटतात. किट पूर्ण घ्या: चेन, टेन्शनर, गाइड, स्प्रॉकेट. क्रँक आणि कॅम लॉक करायचं टूल ज्याच्याकडे नाही, खुणा करून बसवतो म्हणतो, त्याला हे काम देऊच नका.

रेल_प्रेशर
ॲव्हरेजसाठी थर्मोस्टॅट बघा, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व. हायवेलाही कूलंट ८० अंशांवर चढत नसेल तर तो उघडाच अडकलाय. इंजिन थंड राहतं, डिझेल जास्त पितं आणि ईजीआरमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व) काजळी साचते. ईजीआर काढून साफ करा, बंद करून टाकू नका.

मग इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग. चारही रिटर्न पाइप (उरलेलं डिझेल परत नेणारे) चार सारख्या बाटल्यांत सोडून आयडलिंगला पाच मिनिटं चालवा. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त भरली तर तोच इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर पाठवा, चौघांचा खर्च कशाला? इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसला किंवा फसफस ऐकू आली तर तांब्याचा वॉशर गेलाय. हे अजिबात लांबवू नका, थर घट्ट झाला की इंजेक्टर हेडमध्येच अडकतो. वॉशर दरवेळी नवा आणि बसण्याची जागा आधी साफ केलेली.

सातारा_पुणे
खूप आभार! ऑइल बदलताना फ्लश (इंजिनातला गाळ धुणारं द्रव) मारू का?

बारा_चौदा_पाना
नको. जुना गाळ एकदम सुटला की पंपाच्या जाळीत अडकतो आणि टर्बोला ऑइल पोचत नाही. नवं ऑइल ३,००० किमीला एकदा लवकर बदला, गाळ सावकाश निघेल. डिझेल फिल्टरही त्याच वेळी, आणि पावसाळ्यात त्यातलं पाणी अधूनमधून सोडत जा.