'अटेन्शन'ला मराठीत काय म्हणाल?

टाचणी: एका लेखाचा अनुवाद करतेय. विषय: फोन आणि त्यात जाणारं आयुष्य. त्यात अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांचा १९७१चा मुद्दा येतो: माहिती माणसाचं 'अटेन्शन' खाते, म्हणून माहितीचा सुकाळ झाला की अटेन्शनचा दुष्काळ पडतो. मी बिनधास्त 'लक्षाचा दुष्काळ' लिहिलं. लेख तपासणाऱ्या बाईंचा शेरा आला, "एका लक्षाचा की दहा?" पुढे 'अटेन्शन इकॉनॉमी' आहे, म्हणजे लोकांचं अटेन्शन हाच माल असलेला धंदा. 'लक्षाची अर्थव्यवस्था' तर लक्षाधीशांचीच वाटते. काय करू?

खोडरबर: 'अवधान' घरात असताना शेजारी कशाला मागता? ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय अवधान मागूनच सुरू होतो.

चहाटळ: घरात आहे, पण माळ्यावर. शेवटचं कधी कुणाला म्हणालात, "अरे, जरा अवधान दे"?

खोडरबर: 'अनवधानाने' तर माफीच्या दर पत्रात लिहिता.

चहाटळ: म्हणजे 'अन' लावल्याशिवाय चालत नाही! अटेन्शनच ठेवा हो. सावरकरांच्या 'दूरध्वनी'चं काय झालं ते बघितलंत ना?

खोडरबर: 'महापौर' आणि 'दिनांक' बरे रुळले? तेही सावरकरांचेच. सोयीचं तेवढंच आठवायचं.

निवांत: मला वाटतं गाडी नामावर अडलीय. आपल्याकडे ही गोष्ट क्रियापदात राहते. लक्ष जातं, लागतं, उडतं. ते देतात, घालतात, वेधतात. कणगीत भरून ठेवायची वस्तू म्हणून मराठीने त्याच्याकडे पाहिलेलंच नाही, म्हणून 'दुष्काळ' कानाला खटकतो. सरळ लिहा: 'माहिती इतकी की कशातच लक्ष लागत नाही.' आणि 'ठेवणे' विसरू नका. आपण फोनमध्ये लक्ष घालतो, फोन आपल्यावर लक्ष ठेवतो. अख्खा धंदा या दोन क्रियापदांत आहे. शिवाय 'कडे' आणि 'वर' बघा: बाळाकडे लक्ष ठेवतात, चोरावर लक्ष ठेवतात. शब्दयोगी अव्यय बदललं की नीयत बदलते.

जुनी वही: आमची आजी "बाळावर लक्ष ठेव गं" असंच म्हणायची. आणि बाळ गुणी होतं, मीच ते.

माझी भर वेगळी. वडील कुणाचं आमंत्रण आलं की म्हणायचे, "त्या दिवशी व्यवधान आहे." व्यवधान म्हणजे अडथळा असं शाळेत शिकलेले, त्यामुळे मला वाटायचं घरात काहीतरी संकट आहे. त्यांना नुसतं 'काम आहे' म्हणायचं असे. अवधान मोडतं ते व्यवधान, असंच ना? मग फोन टुणकन वाजतो त्याला नोटिफिकेशन कशाला, व्यवधानच म्हणू.

खोडरबर: व्युत्पत्ती चुकली. वि + अव + धा, म्हणजे मध्ये आड ठेवणं, पडदा. अवधान मोडण्याशी थेट संबंध नाही. नोटिफिकेशनला मात्र चपखल बसतो, हे कबूल.

चहाटळ: मी एका वेळी आठ खिडक्या उघड्या ठेवून काम करतो. मला अष्टावधानी म्हणा.

निवांत: अजिबात नाही! तेलुगूत अवधानम् अजून होतं. आठ जण आठ बाजूंनी पिडतात आणि अवधानी प्रत्येकाचं टोक डोक्यात धरून पद्य पुरं करतो. तुमच्या आठांपैकी एकही पुरं होत नसणार. माझंही होत नाही. मुलगी काही सांगत असते, मी "हं, हं" करतो, आणि ती शांतपणे विचारते, "मी काय म्हणाले?"

चहाटळ: आमच्याकडे अशा माणसाला "काय ध्यान आहे" म्हणतात. हाही अटेन्शनचाच शब्द का?

खोडरबर: ते ध्यान म्हणजे रूप. नवा धागा काढा.

टाचणी: मंडळी, उद्या लेख द्यायचाय. 'भानाचा दुष्काळ' चालेल?

खोडरबर: भान सुटतं किंवा हरपतं. दुष्काळ त्याचाही पडत नाही.

जुनी वही: निवांत, आत्ता बहिणीला फोन करून विचारलं. आजी "बाळावर"च म्हणायची. चोराला ती "पाळत ठेव" म्हणे.