तुरुंगातील श्रद्धाधिष्ठित नेतृत्वप्रशिक्षण : कैदी आणि कर्मचारी

प्रश्न : कैद्यांमधून जबाबदार नेतृत्व घडवणारे श्रद्धाप्रेरित उपक्रम तुरुंगातील कर्मचाऱ्यांना सामावून न घेता टिकू शकतात का?

प्रतिसाद १ : माझ्या मते नाही. किरण बेदी तुरुंग महानिरीक्षक असताना 1993 मध्ये तिहारमध्ये झालेल्या विपश्यना शिबिरात कैद्यांबरोबर कर्मचारीही दहा दिवस मौन पाळून बसले होते आणि एप्रिल 1994 मध्ये तेथेच हजाराहून अधिक कैद्यांचे शिबिर झाले. ज्या पहाऱ्यावरच्या माणसाने स्वतःचा राग आतून पाहिला आहे, तोच कैद्यातील बदलावर विश्वास ठेवू शकतो.

प्रतिसाद २ : सहमत आहे, परंतु शिबिर म्हणजे नेतृत्वप्रशिक्षण नव्हे. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील अँगोला तुरुंगात 1995 पासून बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या धर्मविद्यालयाचे वर्ग चालतात आणि पदवी घेतलेले कैदी तेथील इतर कैद्यांना धीर देतात, प्रार्थनासभा चालवतात. त्यांपैकी काहींना राज्यातील अन्य तुरुंगांतही पाठवले गेले. जन्मठेप भोगणाऱ्याला असे काम मिळणे मला फार मोलाचे वाटते. मात्र सरकारी कोठडीत एकाच धर्माला झुकते माप मिळू नये. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक हवा आणि नकार देणाऱ्याची कोणतीही सवलत बुडता कामा नये.

प्रश्नकर्ता : ऐच्छिकतेचा मुद्दा पटला. कर्मचाऱ्यांनाही ही अट लागू असावी.