सहा धावांत बाद होणाऱ्यांनी स्पर्धेला यायचंच नाही का?

शुभदा

परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी जुन्या धावफलकाचा फोटो पाठवला. पोखरा, ५ डिसेंबर २०१९, दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेतलं महिला क्रिकेट. बांगलादेश २ बाद २५५, मालदीव सर्वबाद ६. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग आणि एक वाक्य: 'पाच लाख वस्तीच्या देशाला अशा स्पर्धांना बोलवायचंच कशाला? किमान पात्रता ठेवा आणि विषय संपवा.' तिथे दोन ओळी लिहिल्या, पण समाधान होईना. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मी मालदीवमधल्या एका लहान बेटावर चार वर्षं गणित शिकवलं आहे. या टोकाकडून त्या टोकाला वीस मिनिटांत चालत जाता यायचं. देशात साधारण बाराशे बेटं, त्यातल्या दोनशेच्या आत-बाहेर बेटांवर वस्ती, आणि सगळी जमीन एकत्र केली तरी तीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. क्रिकेटचं पूर्ण मैदान आखायचं तर सव्वाशे-दीडशे मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. कित्येक बेटांची रुंदीच दोन-तीनशे मीटर असते आणि त्यात घरं, शाळा, मशीद, विहिरी, नारळ सगळं बसवायचं असतं. आमच्याकडे एकच मैदान होतं, वाळूचं, तेही फुटबॉलचं. मुली संध्याकाळी बाशी खेळायच्या. जाळीकडे पाठ करून एक जण रॅकेटने टेनिसचा चेंडू डोक्यावरून मागे फेकते आणि पलीकडच्या मुली तो नुसत्या हातांनी झेलतात. तळहात लाल होतात. झेल पकडण्यात त्या कोणाला ऐकल्या नसत्या. पण क्रिकेटचा कडक चेंडू माझ्या वर्गातल्या एकीनेही कधी हातात धरला नव्हता.

मालदीवच्या महिला संघाची ती पहिलीच आंतरराष्ट्रीय स्पर्धा. पहिल्या सामन्यात नेपाळविरुद्ध १६. नेपाळच्या अंजली चंदने एकही धाव न देता सहा बळी घेतले. मग बांगलादेशविरुद्ध ६. मग कांस्यपदकासाठी पुन्हा नेपाळसमोर ८. १६ आणि ६ नंतरही त्या मुली पॅड बांधून मैदानात आल्या, हे त्या फोटोत दिसत नाही.

आणि याच स्पर्धेत काठमांडूला हसन सईदने १०० मीटर १०.४९ सेकंदांत जिंकली. १९८४ पासून मालदीव या स्पर्धेत येतोय, आणि हे त्यांचं पहिलं सुवर्ण. ३५ वर्षं लागली. पात्रतेची अट घालून मधल्या काळात त्यांना घरी बसवलं असतं तर?

आकडेप्रेमी

तो फोटो मीच पाठवला होता, हे आधी सांगतो. हसणारे चेहरे टाकायला नको होते, ठीक. पण मुद्द्यावर मी ठाम आहे. तुम्ही धावण्याची आणि क्रिकेटची गल्लत करताय. शर्यतीत एखादा शेवटचा आला तर बाकीच्यांचं काही बिघडत नाही. पॅरिस ऑलिम्पिकला भूतानची किन्झांग ल्हामो मॅरेथॉनमध्ये ३ तास ५२ मिनिटं घेऊन शेवटची आली, लोक तिच्यासाठी थांबून टाळ्या वाजवत होते, मलाही भरून आलं. पण सामन्यात समोरच्या संघाचा दिवस जातो आणि त्या दिवसाचा आकडा कायमचा नोंदला जातो. जुलै २०१८ पासून सगळ्या सदस्य देशांच्या महिला सामन्यांना आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीचा दर्जा दिला गेला, तेव्हापासून विक्रमांच्या यादीचा चिवडा झालाय. पोखऱ्याला त्या दिवशी बांगलादेशच्या निगार सुलताना नाबाद ११३, फरगाना हक नाबाद ११०. ही शतकं आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धचं शतक एकाच रकान्यात?

बाबा_पंच

आकडेप्रेमी, विक्रमांच्या बाबतीत १००% सहमत. तीस वर्षं शालेय आणि जिल्हा पातळीवर पंचगिरी केली. एकतर्फी सामन्यात उभं राहणं फार क्लेशदायक असतं. विक्रम लावायचेच तर निदान पहिल्या दहा-बारा संघांमधले वेगळे लावा.

मैदानी

अहो, २०१९ मध्येच जूनमध्ये मालीचा महिला संघ रवांडाविरुद्ध ६ वर बाद झाला होता. नंतर पुरुषांतही झालं. २०२३ मध्ये आयल ऑफ मॅन १० वर, २०२४ मध्ये आयव्हरी कोस्ट ७ वर. मग काय, सगळ्यांनाच हाकला? आणि आपण १९७४ मध्ये लॉर्ड्सला ४२ आणि २०२० मध्ये अॅडलेडला ३६. तेव्हा कोणी म्हणालं नाही की भारताला बोलवू नका.

आकडेप्रेमी

३६ आणि ६ यांची तुलना? अॅडलेडला समोर ऑस्ट्रेलिया होती आणि मालिका आपण जिंकली. उगाच काहीही जोडू नका.

शुभदा

मग हे जोडते. १९३२, लॉस एंजेलिस, हॉकी. भारत २४, अमेरिका १. रूपसिंग यांचे दहा गोल. हा आकडा आपण शाळेत छाती फुगवून सांगतो. त्या ऑलिम्पिकला हॉकीत संघ होते तीन. भारत, जपान, अमेरिका. अमेरिका दोन्ही सामने हरली आणि तिला कांस्य मिळालं. अमेरिकेने 'आपल्याला जमत नाही' म्हणून संघ उतरवला नसता तर त्या सुवर्णासाठी भारताला एकच सामना खेळावा लागला असता. पोखऱ्याला संघ चारच होते. बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, मालदीव. भारताने क्रिकेटचा संघ पाठवलाच नव्हता. तुमच्या नियमाने उरतात तीन. मग त्या स्पर्धेला स्पर्धा म्हणायचं का?

कबड्डीवाला

'भारताने संघ पाठवलाच नव्हता' हे वाचून राहवलं नाही. खरा प्रश्न तिथे आहे. क्रिकेटचा संघ पाठवायचा नाही, इतर खेळांत बऱ्याचदा दुसरी फळी, आणि तरी ३१२ पदकं, त्यात १७४ सुवर्णं. खो-खो २०१६ ला गुवाहाटीत पहिल्यांदा आला, तिथेही आपणच, २०१९ लाही आपणच. या पोरांची नावं कुणाला माहीत आहेत? सहा धावांवर इतकी चर्चा, खो-खोच्या सुवर्णावर एक ओळ नाही.

मैदानी

कबड्डीवाले, प्रत्येक धाग्यावर तुम्ही खो-खो आणता.

कबड्डीवाला

आणणारच. तुम्ही कोणी आणत नाही म्हणून आणतो.

बाबा_पंच

एक प्रश्न मनात आहे, तो विचारतो. २ बाद २५५ करायची बांगलादेशला गरज होती का? समोर नवख्या मुली. शंभर-सव्वाशे झाल्यावर सोडून देता आलं नसतं? मोठ्या संघाने थोडं सांभाळून घ्यावं, हा माझ्या पिढीचा संस्कार.

रेवती

काका, तुमचा मान ठेवून सांगते, हा संस्कार फार लागतो. मी बारावीपर्यंत शाळेच्या संघात होते. एका स्पर्धेत आमच्यासमोर खूप तगडा संघ आला. पहिल्या अर्ध्या तासात त्यांना कळलं की आम्ही कच्च्या आहोत. मग त्यांच्या शिक्षकांनी बाहेरून खूण केली. त्यानंतर त्या मुली हळू चेंडू टाकायला लागल्या, सोपे झेल मुद्दाम सोडले. आम्ही ४० केल्या. सगळे टाळ्या वाजवत होते. बसमध्ये आमच्यातली कोणीही बोलली नाही. त्या चाळीसमधली एकही माझी नाही असं मला आजही वाटतं. शून्यावर त्रिफळा उडाला असता तर तो तरी माझा असता.

निगार आणि फरगाना यांनी शेवटच्या षटकापर्यंत जीव तोडून फलंदाजी केली, याला मी मान देणं म्हणते.

बाबा_पंच

असं मी कधी पाहिलं नव्हतं. पण एक विचारतो, पोरींच्या मनावर त्या ६ चा परिणाम होत नसेल?

रेवती

होत असेल ना. पण तो आकड्यापेक्षा तुमच्या फोटोने जास्त होतो. 'तुमच्या' म्हणजे आकडेप्रेमींच्या.

आकडेप्रेमी

आता व्यक्तिगत होऊ नका. फोटोबद्दल मी वर बोललोय. इथे सगळे भावनेवर चाललेत, आकड्याला कोणी उत्तर देत नाही. १०.४९ चं कौतुक झालं, पण आशियाई पातळीवर त्या वेळेला काय किंमत आहे? आणि २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत नेपाळने मंगोलियाविरुद्ध ३ बाद ३१४ केल्या, दीपेंद्रसिंग ऐरीचं ९ चेंडूंत अर्धशतक, मंगोलिया ४१ सर्वबाद. युवराजचा १२ चेंडूंचा विक्रम इंग्लंडविरुद्धचा होता, तो कोणासमोर मोडला? हा अन्याय नाही?

मैदानी

युवराजवर अन्याय! त्या सहा षटकारांना विसरणारा माणूस मला दाखवा. यादीत वर कोण आहे यावर आठवण ठरते का? तुम्ही कधी मैदानात उतरलात का हो? नुसते रकाने बघता.

आकडेप्रेमी

उतरलो नाही. गुडघा अकराव्या वर्षी गेला. रकाने बघणं एवढंच माझ्या हातात होतं, म्हणून ते मला नीट असलेले हवे असतात.

मैदानी

माफ करा. हे माहीत नव्हतं. ते वाक्य मागे घेतो, मुद्दा नाही.

शुभदा

आकडेप्रेमी, विक्रमांचे दोन भाग करा, माझा विरोध नाही. अंजली चंदच्या ०ला ६ बद्दलही तेव्हा हेच बोललं गेलं. २०२४ मध्ये इंडोनेशियाच्या रोहमालियाने मंगोलियाविरुद्ध ०ला ७ घेतले, तोही विक्रम कुठे लावायचा ते लावा. पण यादी नीट ठेवायची म्हणून माणसांनी खेळायलाच येऊ नये, ही उलटी गंगा झाली. आणि 'पाच लाखांचा देश' म्हणताना फुटबॉल आठवा. सॅफचं, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉलचं, विजेतेपद त्यांनी दोनदा घेतलंय, २००८ ला आणि २०१८ ला. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात कोणाला हरवून? आपल्याला. फुटबॉल त्यांना येतो, कारण वाळूचं मैदान बेटावर आहे. क्रिकेटचं नाही, म्हणून क्रिकेट येत नाही. यात वस्तीपेक्षा जागेचा प्रश्न मोठा आहे.

आकडेप्रेमी

मग त्यांनी हिंद महासागरातल्या बेटांच्या स्पर्धेत खेळावं. मॉरिशस, सेशेल्स, कोमोरोस. बरोबरीचे लोक.

शुभदा

खेळतातच की तिथेही. पण बरोबरीच्या लोकांतच राहून खेळ किती वाढणार? खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा त्यांना मॅटवरच्या कुस्तीची सवय नव्हती. सहावे आले. ते पाहून आले, अनुभवून आले, म्हणून १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. 'आधी मॅटवर शिका, मग या' म्हणणारे तेव्हाही असतील.

बाबा_पंच

खाशाबांचं नाव घेतलंत, आता माझ्याकडून वाद नाही. विक्रम वेगळे असावेत, एवढं मात्र सोडत नाही.

कबड्डीवाला

आणि हे सगळं होणार कधी? २०१९ नंतरची स्पर्धा पाकिस्तानात व्हायची, ती पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. दोन मोठ्यांच्या भांडणात मालदीव, भूतानच्या पोरांचं वय निघून जातंय. आपल्या खो-खोवाल्यांचंही. यावर कोणी धागा काढेल का?

आकडेप्रेमी

यावर मात्र पहिल्यांदाच कबड्डीवाल्यांशी सहमत.

शुभदाताई, 'बोलवायचंच कशाला' हे वाक्य मागे घेतो. पोखऱ्याच्या अंतिम सामन्याचा धावफलकही आत्ता पाहिला, बांगलादेश श्रीलंकेविरुद्ध फक्त २ धावांनी जिंकलं. म्हणजे मालदीवमुळे सुवर्णाची चुरस कमी झाली नाही, हे मान्य करावं लागतंय. रकान्यांबद्दल माझं मत तेच.

शुभदा

जिथे फोटो टाकलात तिथेही हे लिहाल का? माझी एक विद्यार्थिनी त्या गटात आहे. मराठी तिला येत नाही, पण धावफलक वाचता येतो.

आकडेप्रेमी

फोटो काढून टाकला. लिहितो रात्री. बाशीचे नियम जरा नीट सांगा, एका बाजूला किती जणी असतात?

शुभदा

अकरा.