बाथरूममधला गॅस गीझर: धूर बाहेर काढायला नळी लागतेच का?

खोलीमालकीण, लातूर

नमस्कार. आमच्या घरी वरच्या मजल्यावर ट्यूशनसाठी आलेल्या मुली राहतात, बहुतेक नीटवाल्या. थंडी सुरू झाली तशी दोन्ही बाथरूममध्ये ६ लिटरचे गॅस गीझर बसवून घेतले. लाईटचा भरवसा नाही आणि पहाटे पाचपासून सगळ्यांना एकदमच गरम पाणी लागतं. बाथरूम ४ बाय ५, उंची ८ फूट. दारावर पॅसेजकडं छोटी जाळी, भिंतीत एक्झॉस्ट फॅन. परवा ओळीनं तिसरी अंघोळीला गेलेली मुलगी बाहेर आली ती भिंत धरून खालीच बसली. डोकं ठणकतंय, मळमळतंय म्हणाली. तासाभरानं सावरली. सगळे म्हणायलेत, उपाशीपोटी असेल. बसवणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, 'फॅन आहे ना, नळीबिळी काही लागत नाही. गॅस गळत असता तर वास आला असता.' मला काही हे पटेना. लेकरं दुसऱ्याची आहेत, जीव थाऱ्यावर नाही. काय करू?

जालनेकर

आमच्या बाथरूममध्येही कैक वर्षांपासून असाच आहे ताई. फॅन लावत जा, काही होत नाही. वास आला तरच घाबरायचं.

नांदेडचा फिटर

ताई, आधी दोन्ही गीझरचे कॉक बंद करा, मग पुढचं वाचा.

मी गीझर-बॉयलर बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. वरच्या भाऊंचं म्हणणं पटण्यासारखं वाटतं, म्हणूनच ते घातक आहे. सिलिंडरमधल्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, तो गळती कळावी म्हणून. तुमच्याकडं गळती नाही. गॅस जळतोय, पण हवा कमी पडली की त्यातनं कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. जाळ निळा दिसतोय म्हणूनही निर्धास्त राहू नका.

हिशोब बघा. एक किलो गॅस नीट जळायला साधारण १२ घनमीटर, म्हणजे सव्वाचारशे घनफूट हवा लागते. ६ लिटरचा गीझर तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो. तुमचं अख्खं बाथरूम १६० घनफुटांचं. पाव तासाच्या अंघोळीत गीझर एकटाच ८० ते १०० घनफूट हवा वापरणार, आणि जळलेली हवा तिथंच सोडणार. पहिल्या मुलीला काही जाणवत नाही. तिसरी आत जाते तोवर आतली हवा बिघडलेली असते. तुमच्याकडं नेमकी तिसरीच बसली, यात मला नवल वाटलं नाही.

आपल्याकडं पाणी तापवायचा बंब कुठं असायचा? अंगणात नाहीतर परसात. त्याच्या पोटातनं नळकांडं वर गेलेलं, पाणी तेवढं बादलीनं न्हाणीत यायचं. गीझरचंही तसंच करा. बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर गीझर, आत फक्त गरम पाण्याचा पाईप. बाथरूमच्या आत गॅस गीझर मी कुणालाच बसवून देत नाही, गिऱ्हाईक रुसलं तरी.

ज्या गीझरला किंवा बॉयलरला वर नळीचं तोंड दिलेलं असतं, त्याला त्याच मापाची नळी लावायची, बारीक करायची नाही. स्टीलची किंवा त्याच कामाची पत्र्याची. पीव्हीसी उष्णतेनं मऊ पडतं. आधी जमेल तितकी सरळ वर न्यायची. आडवी न्यावीच लागली तर चढती. मध्ये पोट सुटलं की वाफेचं पाणी तिथं साचतं. वरच्या तोंडाला टोपी हवी, आणि ते कुणाच्या खिडकीखाली येता कामा नये.

आता फॅनचं. फॅन म्हणजे चिमणी नव्हे, उलट घात करू शकतो. एका मंगल कार्यालयात बॉयलरची चिमणी अगदी व्यवस्थित होती. भटारखान्यात मोठा एक्झॉस्ट बसवला, आणि दारं लावून तो चालू केला की बॉयलरचा धूर चिमणीतनं उलटा खाली यायचा. फॅनला हवा कुठनं तरी ओढायचीच असते, त्यानं चिमणीतनं ओढली. भिंतीत खाली मोठी जाळी काढली तेव्हा थांबलं. हे मी उदबत्तीवर तपासतो. दारं-खिडक्या बंद, फॅन चालू, बॉयलर थोडा वेळ चालवायचा आणि नळी सुरू होते तिथल्या फटीशी पेटलेली उदबत्ती धरायची. धूर आत ओढला गेला तर ठीक. तोंडावर आला तर बॉयलर लगेच बंद.

बोअरचं पाणी असेल तर दर हिवाळ्याआधी गीझर उघडून साफ करून घ्या. आत क्षार धरतात, आणि वर तांब्याच्या पट्ट्यांत काजळी बसली की धुराची वाट अडते.

सिस्टर, अंबाजोगाई

फिटरदादांशी सहमत. ताई, त्या मुलीला आजच डॉक्टरांकडं न्या आणि 'गॅस गीझर' हा शब्द तुम्हीच सांगा. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर त्यात फसतं, आकडा ९८ दाखवतं आणि माणूस आतून गुदमरत असतो. बाथरूममध्ये फिट आली म्हणून आणलेल्या पेशंटच्या घरच्यांना मी पहिल्यांदा हेच विचारते, पाणी कशावर तापवता?

पायातलं बळ आधी जातं, त्यामुळं कडी काढता येत नाही. असं कुणी सापडलं तर दार उघडून आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, गीझर बंद करा आणि १०८ ला फोन लावा. त्याला ऑक्सिजन लागतो. कांदा हुंगवत बसू नका.

खोलीमालकीण, लातूर

दोन्ही कॉक बंद केले. मुलीला घेऊन आत्ता दवाखान्यात चाललेय. दादा, बाहेर लावायचा तर मागं गॅलरी आहे, पण माकडांमुळं तिला स्लायडिंग काचा बसवल्यात. चालेल का? आणि तिकडून दुसरं बाथरूम लांब पडतं.

नांदेडचा फिटर

काचा लावलेली गॅलरी म्हणजे खोलीच झाली ताई. एका बाजूच्या काचा कायमच्या काढून तिथं लोखंडी जाळी बसवा, वरपासून खालपर्यंत. माकडं अडतील, हवा अडणार नाही. 'थंडी वाजते' म्हणून जाळीवर कुणी पोतं किंवा प्लॅस्टिक बांधणार नाही, हे मुलींना स्पष्ट सांगा. गॅलरीत उघडणारी खोलीची खिडकी असेल तर गीझर तिच्यापासून लांबच्या भिंतीवर, आणि बाथरूमची जाळी तिकडं उघडत असेल तर ती बुजवून दुसरीकडं काढा.

लांबच्या बाथरूमला सीपीव्हीसी पाईपवर फोमचं वेष्टण घाला. सुरुवातीचं अर्धी-पाऊण बादली पाणी गार येईल, ते धुण्याला घ्या. एका गीझरवर दोन्ही नळ एकदम सोडले तर पाणी कोमट येतं, म्हणून पाळी ठरवून द्या. तोवर खाली स्वयंपाकघरात खिडकी उघडी ठेवून पातेल्यात पाणी तापवा आणि बादलीनं वर न्या. काढलेला दुसरा गीझर विकू नका, पुढच्या माणसाच्या बाथरूममध्ये जाईल तो.