बेंझची तीनचाकी: इंजिन लागतं, पण अकरा मिनिटांनी मान टाकतं

लेथवाला_कोल्हापूर

राम राम मंडळी. शिवाजी उद्यमनगरात ३४ वर्षं लेथवर काढली. आता शेड मुलाकडे आणि शेडचा मागचा कोपरा माझ्याकडे. त्या कोपऱ्यात तीन वर्षं झाली, कार्ल बेंझची १८८६ची तीनचाकी उभी करतोय. शोभेची नाही, चालणारी. पुतणी म्युनिकला असते. तिनं डॉइचेस म्युझियमच्या मूळ गाडीचे दोनशेवर फोटो पाठवले. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ९० आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) १५० मिलिमीटर हे छापील मिळालं, म्हणजे ९५४ सीसी. बाकी बरंचसं फोटोवर पट्टी ठेवून. एवढ्या मोठ्या सिलिंडरातून त्या माणसाला पाऊण हॉर्सपॉवर मिळाली, तीही ४०० आरपीएमला. आमच्या विहिरीवरची मोटर याहून जोरकस आहे.

सिलिंडर बिडाचा, ओळखीच्या फाउंड्रीत ओतून घेतला. सागवानी पॅटर्न मीच केला. पहिल्या दोन वेळा वॉटर जॅकेटचा, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीचा, कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) हलला, भिंत एका अंगाला तीन मिलिमीटर आणि दुसऱ्या अंगाला अकरा. दोन्ही भंगारात. तिसरा जमला. क्रँक उभा आणि फ्लायव्हील आडवं, हे बरेच दिवस मला उलटंच वाटायचं. उभं फ्लायव्हील फिरताना गाडीला वळू देणार नाही, अशी बेंझला धास्ती होती म्हणून त्यानं ते आडवं निजवलं. मग चाल वळवायला बेव्हल गिअर आले, पुढं पट्टा, पट्ट्यापुढं डिफरन्शियल आणि दोन चेन. एका धास्तीपायी माझे आठ महिने गेले. पट्टा म्हशीच्या चामड्याचा, शेजारचे चप्पल करणारे आहेत त्यांनी दोन पदरी शिवून दिला.

तर अडचण अशी. फ्लायव्हीलला हातानं हिसका दिला की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला इंजिन पकडतं. फट्, फट् सुरू झालं की पोरं मशीन सोडून बघायला येतात. पण दहा-अकरा मिनिटांत मान टाकतं. आधी एखादा ठोका चुकतो, मग एकाआड एक, मग गप्प. अर्धा तास थांबलो की पुन्हा लागतं, पण या खेपेला सहा-सात मिनिटंच. तिसऱ्या खेपेला लागतच नाही.

ठिणगी निळी आहे, कॉइल बदलून झाली, रिंगा धरतात. कार्बोरेटर मूळ धर्तीचा: पितळी डबा, आत पेट्रोल, त्यावरून हवा ओढली जाते आणि वाफ घेऊन आत जाते. जेट नाही, काही नाही. पेट्रोल साध्या पंपावरचं. चालू असताना डबा बाहेरून ओला होतो. झाळ गळतेय समजून दोनदा पुन्हा झाळला, तरी ओला तो ओलाच.

मुलगा म्हणतो स्कूटरचा कार्बोरेटर लावा आणि मोकळे व्हा. तो लावायचा असता तर स्कूटरच घेतली नसती का? कुणाला काही सुचतंय?

डिझेलमिस्त्री

मला एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा संशय येतो. तापल्यावर दांडा वाढतो, टॅपेटला गॅप उरत नाही, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन पळतं. थंड झालं की पुन्हा चालू. शेतावरच्या इंजिनात शंभरदा पाहिलंय. बंद पडल्या पडल्या फ्लायव्हील हातानं फिरवून बघा, जड लागतंय का.

लेथवाला_कोल्हापूर

बघितलं मिस्त्री. बंद पडल्यावरही पहिल्यासारखंच जड लागतं. गॅप गरम असताना मोजली, ०.३ मिलिमीटर उरते. आणि तसं असतं तर दर खेपेला वेळ कमी का झाला असता?

रिफायनरीतली

काका, ओला डबा म्हणजे गळती नाही, ते दव आहे. ओल्या बोटाचा वास घ्या, पेट्रोलचा येणार नाही.

पेट्रोलची वाफ होताना उष्णता डब्यातूनच ओढली जाते. डबा गार पडतो, गार पेट्रोलची वाफ कमी होते, मिश्रण पातळ होतं, ठोका चुकतो. अर्धा तास ठेवलं की डबा पुन्हा हवेइतका कोमट होतो म्हणून इंजिन लागतं. वेळ घटत का जातो, ते वेगळं. पेट्रोल म्हणजे एक पदार्थ नव्हे. त्यातलं काही ३५ अंशांना उकळतं, काही २०० च्या आसपास. तुमचा डबा वरची साय तेवढी खातो आणि जड भाग मागे ठेवतो. तिसऱ्या खेपेला डब्यात जे उरतं ते हात धुवायच्या कामाचं.

त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल. त्याची वाफ करायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणजे गारठा आणखी. शिवाय श्रावणातली दमट हवा तुम्ही गार पेट्रोलवरून ओढताय. त्यातलं पाणी इथेनॉल धरून ठेवतं, आणि फार झालं की दोघं मिळून तळाशी वेगळे बसतात.

बेंझ लिग्रोइन वापरायचा, म्हणजे पेट्रोलियममधलाच एक भाग, हलका आणि एकसारखा उकळणारा. तुम्ही असं करा: मोजपात्रात १०० मिली पेट्रोल, २० मिली पाणी, हलवून ठेवा. खालचा थर वीसवरून चाळीस मिलीकडे गेला तर वाढलेलं ते इथेनॉल. मग मोठ्या भांड्यात तसंच धुऊन वरचं निथळून घ्या. ऑक्टेन कमी होईल, पण तुमच्या इंजिनाला त्याचं सोयरसुतक नाही. डब्याला बाहेरून दुसरा डबा करा, त्यात जॅकेटमधलं कोमट पाणी खेळवा. हाताला कोमट लागेल इतकंच. मिश्रण घट्ट झालं तर हवा वाढवा. डब्यापासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत, ज्योत मागे डब्यात येऊ नये म्हणून, तांब्याची बारीक जाळी आहे ना? नसेल तर आधी ती, बाकी नंतर. आणि हे सगळं वेल्डिंगपासून लांब.

मॅनहाइमकर

मी नोकरीसाठी इथे मॅनहाइमला आलो तेव्हा बेंझची गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली ते हेच गाव, हे माहीतही नव्हतं. वर कुणी बेंझच्या बायकोचं, बेर्थाचं, नाव काढलं नाही म्हणून लिहितो. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती फोर्झहाइमपर्यंत गेली, शंभर किलोमीटरच्या आसपास. वाटेत विस्लोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. डाग काढायला ते दुकानात मिळायचंच. तुंबलेली इंधनाची नळी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेक झिजला तर मोच्याकडून चामडं ठोकून घेतलं. म्हणजे काका, चप्पलवाल्या शेजाऱ्यांची तुमची निवड अस्सल आहे. चढावर मात्र मुलांनी ढकललं. ती परतल्यावर गाडीला चढासाठी जादा गिअर आला.

आरटीओचा_मित्र

चालू झाली की हौसेनं रंकाळ्यावर नेऊ नका. २०२१च्या नियमांतली विंटेज नोंदणी ५० वर्षांहून जुन्या मूळ गाड्यांना आहे, प्रतिकृतीला नाही. कंपाउंडात काय ते करा.

लेथवाला_कोल्हापूर

उशिरा लिहितोय, डबा करण्यात दिवस गेले. रिफायनरीतल्या ताई, बोटाचा वास घेतला. पाणीच. दोनदा उगाच झाळला म्हणायचा. मोजपात्रात खालचा थर ३७ वर आला. जाळी नव्हती, कबूल करतो. ती सगळ्यात आधी बसवली, ताईंच्या धाकानं.

धुतलेलं पेट्रोल, बाहेरून कोमट पाण्याचा डबा, आणि दर दहा मिनिटांनी वाटीभर ताजी भर. काल ३४ मिनिटं चाललं. गाडी कंपाउंडात नऊ फेऱ्या फिरली, दहाव्या फेरीला मीच बंद केली, कारण पट्टा निसटायला लागला. पावसानं चामडं दोन बोटं ताणलंय. शेजारी म्हणतात एरंडेल चोळा, डिझेलमिस्त्री फोनवर म्हणाले राळ लावा. मुलगा रबरी पट्टा म्हणाला, त्याला पाणी आणायला पाठवलं. चामड्याच्या पट्ट्यावर कुणी गिरणीत काम केलंय का? एरंडेल आधी की राळ आधी?